फोटोत पाठ नसते

न्गाँग रोडला जकरांडाखाली माझं दुकान.
दुकान म्हणजे चार वासे आणि वर पत्रा,
रस्ता रुंद झाला तेव्हा दोनदा मागे सरकलेलं.
बस गेली की ओल्या पॉलिशवर धूळ बसते,
म्हणून पॉलिश आम्ही पहाटे करतो,
नैरोबी जांभया देत असते तेव्हा.

गिऱ्हाईक हल्ली लाकूड कुठलं विचारत नाही,
फोन पुढे करतं.
केरुबोनंही केला. काचेला तडा,
तड्यापलीकडे एक खुर्ची:
बारीक पाय, कलते हात, हळदीच्या रंगाची मखमल,
पायांना पितळी टोपणं.
मॉलमध्ये हिला एक लाख दहा हजार शिलिंग.
"माझ्याकडे अकरा आहेत."
"अकरा काय?"
"हजार."
मी हसलो नाही. हसलो असतो तर ती गेली असती
शेजारी ओमोंडीकडे. तो साडेदहात करून देतो
आणि लाकूड ओलंच वापरतो.

ती दवाखान्यात रक्त तपासते.
कावांगवारेत चौथ्या मजल्यावर एक खोली,
तीत पलंग, दोन बादल्या, गॅस, आणि आता हा हट्ट.
"दिवसभर उभी असते मी, फुंडी.
बसेन तर चांगल्यावर बसेन."
असं कुणी बोललं
की भाव सांगताना जीभ जड होते.

महोगनीचं नाव काढायचं नाही. निलगिरी घेतली,
माझ्याच पत्र्यावर वर्षभर वाळलेली.
मखमल गिकोंबाच्या गठ्ठ्यातली,
कुठल्या तरी हॉटेलचा पडदा होता तो,
सिगारेटचं भोक बैठकीखाली घातलं.
आणि पितळ? नळवाल्याकडे पाइपाची बुचं मिळतात,
साठला एक. चार घेतली दोनशेला,
लिंबानं घासली.

जिना मोजून आण म्हटलं,
तर दोन गाठी मारलेली दोरी घेऊन आली:
या गाठीला भिंत, त्या गाठीला कठडा.
बरं झालं. मॉलची खुर्ची तिथं अडकली असती.

सगळं जमलं, एक सोडून.
फोटो बोटांनी मोठा केला,
फोन उलटा करूनही पाहिला, वेड्यासारखा.
फोटोत पाठ नसते.
जो तो समोरून काढतो.

दोन रात्री सांगाडा तसाच उभा, मागून उघडा.
कोपऱ्यात एक पलंग पडून होता,
लग्न मोडलं म्हणून नवरदेवानं न नेलेला,
उसाराही परत न मागितलेला.
त्याच्या उशाकडच्या सात पट्ट्या काढल्या,
किंचित वाकलेल्या,
बोटभर अंतर सोडून बसवल्या.
कुठल्या पलंगाच्या, ते केरुबोला सांगितलं नाही.
अजूनही सांगणार नाही.

ती आली आणि पुढून बघितलंच नाही,
सरळ मागे गेली.
म्हणाली, "दार उघडलं की आधी हीच बाजू दिसणार."
पट्ट्यांवरून नख फिरवलं, सातही वाजल्या.
पैसे दिले. शेवटचे पाचशे सुट्ट्या नाण्यांत,
मोजायला माझा मुलगा बसला.
हातगाडीवर खुर्ची उलटी गेली,
चार पिवळी बुचं आभाळाकडे करून.

महिन्यानं दुसरी एक मुलगी. तीही फोन पुढे करते.
खिडकी, दुपारचं ऊन,
फरशीवर सात सावल्या,
खुर्ची पाठमोरी.
"अशीच हवी. पुढून कशी आहे ते दिसत नाही,
जमेल?"

मी फोन हातात धरून बराच वेळ बघत राहिलो,
जणू अवघड आहे.
पुढून, मागून, मला ती पाठ होती.
भाव पाचशेनं वाढवला.